भाजी घ्यायची नसेल तर निदान वाट सोडा

आज मंडईत डोकं फिरलं. रात्र झाली तरी राग उतरत नाहीये, म्हणून लिहितेय.

आपल्या पुण्यातल्या महात्मा फुले मंडईत, आतल्या गाळ्यांत, एक मुलगा आणि मुलगी पालेभाजीवाल्या मावशींपुढे मोबाईल धरून उभे. "मावशी, पाणी परत शिंपडा ना." "मावशी, इकडे बघून हसा." त्या बिचाऱ्या शिंपडत होत्या. तोवर वाट अडलेली बघून गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर गेलं. आणि या दोघांनी घेतलं काय? कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही! मी बोलले, तर म्हणे "आंटी, आम्ही त्यांचं प्रमोशनच करतोय."

अरे, कसलं प्रमोशन? गिऱ्हाईक तर तुम्हीच घालवलंत. धंद्याच्या वेळी माणसाला उठवता-बसवता, तिला विचारलंत तरी का? ती तिथे पोट भरायला बसली आहे.

लग्नानंतरची माझी पहिली ऋषिपंचमी. सासूबाई गावाला, आणि ऋषीची भाजी मला फक्त खायला माहीत. मंडईत गोंधळून उभी होते. एका मावशींनी नुसतं बघून ओळखलं. "ऋषीची का वहिनी? किती माणसं?" अळू, माठाचे देठ, पडवळ, शिराळं, भेंडी, भोपळा, मक्याचं कणीस, सगळं स्वतःच काढलं. सुरण त्यांच्याकडे नव्हता, तो शेजारच्या गाळ्यावरून आणून दिला. "चिरताना हाताला तेल लावा. आणि आंबट चुका घाला, नाहीतर घसा खाजंल." बैलाच्या कष्टाचं यात काही चालत नाही, हेही मला त्यांनीच सांगितलं. रांग लागली होती मागे, तरी सांगितलं.

दहा मिनिटांत भाजी आणून देणारं ॲप विचारतं का, अळू वडीचा हवा की फदफद्याचा?

मंडईत चिखल असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही, मान्य. रील बघून चार नवी माणसं येत असतील, तेही मान्य. पण ती आली की मनोऱ्याकडे बघून फोटो काढतात आणि जातात. इमारत देखणी आहेच, १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडली तेव्हापासून आहे. पण जोतिराव स्वतः नगरपालिकेचे सदस्य असताना या बांधकामावरच्या खर्चाला विरोध करत होते, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणत होते. पुढे त्यांचंच नाव मंडईला मिळालं. ज्या माणसानं दगडविटांआधी माणसं बघितली, त्याच्या नावाच्या छपराखाली आपण छप्पर बघतो आणि खाली बसलेल्या बाईला पाणी शिंपडायला लावतो. मला हे सहन होत नाही.

आता लिहिता लिहिता त्या मुलीचा चेहरा आठवतोय. विशीची असेल. मी बोलल्यावर गोरीमोरी झाली. नोकरीसाठी आलेली असेल, एका खोलीत चौघी राहत असतील, गॅसही नसेल कदाचित. हातात पिशवी देऊन "अर्धा किलो भेंडी आण, कोवळी बघून आण" असं तिला लहानपणी कोणी धाडलंच नसेल, तर तिला कळणार कुठून? तिला हाताला धरून एखाद्या गाळ्यावर न्यायला हवं होतं असं आता वाटतंय.

पण त्या मुलाला मात्र नाही! मी बोलत असताना तो मलाच शूट करत होता.

माझ्या त्या ऋषीच्या मावशी आता बसत नाहीत. गाळ्यावर त्यांची सून असते. तीही तशीच, "आज करणार का उद्या?" विचारल्याशिवाय मेथीला हात लावत नाही. उद्या म्हटलं की आतली ताजी गड्डी काढून देते. भाव दोन रुपये जास्त असेल कधी, असू दे.

गणपती जवळ आलेत. शनिवारी सकाळी मी मंडईत जातेय, ज्या पोरींना ऋषीची भाजी शिकायची आहे त्यांनी बिनधास्त या. गाडी आणू नका, मंडईचं मेट्रो स्टेशन झालंय आता. पिशव्या आपापल्या आणा, आणि सुट्टे पैसे.