पॅराशूटवरचा वैमानिक संपलेला नसतो

ग्वाल्हेरच्या गेमिंग ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: हवाई लढाईच्या गेममध्ये इजेक्ट केलेल्या, म्हणजे खुर्चीसकट विमानाबाहेर पडलेल्या वैमानिकाचं पुढं काहीच होत नाही, तेव्हा पॅराशूट दिसलं की गोळ्या घाला. खऱ्या युद्धातही सगळे हेच करतात, नियम फक्त कागदावर. विमान सोडतो तो पळपुटाच. आणि सोडून दिलात तर उद्या तोच तुम्हाला पाडेल. आपल्या मराठी घरांतली शाळकरी मुलंसुद्धा हे बिनधास्त पुढं ढकलताहेत. इथल्या महाराजपुरा हवाई तळाची मिराज लढाऊ विमानं ज्यांच्या डोक्यावरून जातात, त्यांच्यात तरी हे उत्तराविना राहू नये.

‘पुढं काहीच होत नाही’ हे काही गेमांपुरतं खरं आहे. वॉर थंडरमध्ये फुटलेल्या विमानातून उडी मारली तरी विमान गेलं ते गेलंच, आणि ज्यानं फोडलं त्याच्या खात्यात किल जमा होतो. म्हणजे लोंबकळणाऱ्या माणसावर गोळ्या झाडून तिथं हाती काहीच लागत नाही. आयएल-२ या गेमच्या ऑनलाइन सर्व्हरांवर मात्र वैमानिक मेला, पकडला गेला की उडी मारून वाचला, याच्या नोंदी वेगवेगळ्या राहतात. तिथले मुरलेले खेळाडू म्हणूनच पेटलेलं विमान रेटत आपल्या हद्दीपर्यंत आणतात आणि मगच उडी घेतात.

डीसीएस या गेममध्ये तर खरी गोष्ट इजेक्टनंतर सुरू होते. कंट्रोल आणि ई तीनदा दाबलं की कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, उडते, खुर्ची वर फेकली जाते, पॅराशूट उघडतं आणि उतरलेला वैमानिक जमिनीवर उभा राहतो. ज्या सर्व्हरवर बचावाची स्क्रिप्ट लावलेली असते, तिथं त्याचा रेडिओ बीकन, म्हणजे जागा सांगणारा संदेश, वाजू लागतो. मग कुणीतरी ह्युई किंवा एमआय-८ हेलिकॉप्टर घेऊन निघतं, बीकनची दिशा दाखवणारा काटा धरत झाडांच्या शेंड्यांवरून जातं, हवेत एका जागी थांबून त्याला उचलतं आणि तळावर आणून सोडतं. काही ठिकाणी खेळाडूला मोजकीच ‘लाइफ’ मिळतात आणि अशी सुटका झाली की गेलेली लाइफ परत येते. माझ्या मते या गेममधलं हे सगळ्यात कसदार काम आहे. हवेतच गोळी घालणारा ते दोन्ही बाजूंच्या हातून काढून घेतो.

आता ‘नियम कागदावर’. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ४२ स्पष्ट आहे. संकटातल्या विमानातून पॅराशूटनं उतरणाऱ्यावर तो खाली येत असताना हल्ला करायचा नाही. शत्रूच्या ताब्यातल्या जमिनीवर उतरला आणि लढू लागला नाही, तर आधी शरण यायची संधी द्यायची. छत्रीधारी सैनिकांना हे संरक्षण नाही, कारण ते लढायलाच उतरत असतात. भारत या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही, हे कुणी पुढं करील. पण रेडक्रॉसच्या २००५च्या अभ्यासात हाच नियम प्रथागत, म्हणजे रूढीनं बनलेल्या, कायद्यात धरला आहे, आणि तो करारात नसलेल्या देशांनाही लागू होतो. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटवरच्या वैमानिकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे नाकारत नाही. ‘असं घडलं’ यावरून ‘सगळे हेच करतात’ कसं ठरतं?

खऱ्या युद्धातही इजेक्शननं वैमानिक संपत नाही. ग्वाल्हेरहून मिराज बालाकोटवर गेली ती २६ फेब्रुवारी २०१९ला. दुसऱ्याच दिवशी अभिनंदन वर्धमान मिग-२१मधून इजेक्ट होऊन नियंत्रण रेषेपलीकडे उतरले. जमावानं त्यांना मारहाण केली, पाकिस्तानी सैनिकांनी ताब्यात घेतलं, आणि १ मार्चला ते वाघ्यावरून परतले. त्याच वर्षी ते पुन्हा मिग-२१ उडवत होते.

‘पळपुटा’ या शब्दाचा मला मनापासून राग आहे. इजेक्शनचा धक्का शरीराच्या वजनाच्या दहापटीहून मोठा असतो आणि मणके दबतात. कारगिलच्या वेळी, २७ मे १९९९ला, मिग-२७मधून इजेक्ट होऊन कैदी झालेले नचिकेता पाठीच्या दुखापतीमुळं पुढं लढाऊ विमानांऐवजी मालवाहू विमानं उडवू लागले. आपले दिलीप परुळकर १९७१च्या डिसेंबरात सुखोई-७मधून पाकिस्तानात उतरले, आणि पुढच्या ऑगस्टात दोन सोबत्यांना घेऊन रावळपिंडीच्या कैदी छावणीतून निसटले. पेशावर मागं टाकून लंडी कोतलपर्यंत पोचले, आणि कधीच बंद पडलेल्या लंडी खाना स्टेशनची चौकशी केल्यानं संशय येऊन पकडले गेले. हे पळपुटे?

इथलंच सांगायचं तर ६ फेब्रुवारी २०२५ला ग्वाल्हेरचं मिराज शिवपुरीजवळ शेतात कोसळलं आणि दोन्ही वैमानिक वाचले. गावकऱ्यांच्या घोळक्यात शेतात बसून फोनवर बोलणारा वैमानिक आपण सगळ्यांनी पाहिला. त्याआधी २८ जानेवारी २०२३ला मुरैन्याजवळ सुखोई आणि मिराज या दोन विमानांच्या अपघातात सुखोईचे दोघे इजेक्ट होऊन वाचले, मिराजचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. ते बेळगावचे. त्या दिवशी तिघंही घरी पोचायला हवे होते.

शेवटचा मुद्दा मात्र वजनदार आहे: सुटलेला वैमानिक पुन्हा लढायला येतो. १९४०च्या ब्रिटनवरच्या लढाईत ब्रिटिश लढाऊ विमानांच्या फायटर कमांडचे प्रमुख डाउडिंग यांनी हेच मान्य केलं होतं. इंग्लंडवर उतरणारा जर्मन हा होऊ घातलेला कैदी, त्याला हात लावू नये, पण आपल्याच भूमीवर उतरणारा इंग्रज वैमानिक पुन्हा लढणार, म्हणून जर्मनांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या तर ते त्यांच्या हक्कातलं, असं त्यांचं मत होतं. १९७७ला याच वादाचा निकाल लागला आणि वैमानिक कुणाच्या जमिनीवर उतरणार हा प्रश्नच कलमात ठेवला नाही. गेममध्ये तर ही भीती आणखी पोकळ आहे, कारण बहुतेक सर्व्हरांवर तो खेळाडू नव्या विमानात बसूनच परततो, तुम्ही पॅराशूटवर गोळ्या झाडा वा झाडू नका. त्याला रोखायचंच असेल तर खाली उतरल्यावर पकडा. त्याला न्यायला येणारं शत्रूचं लष्करी हेलिकॉप्टर रेडक्रॉसची खूण असलेलं वैद्यकीय नसेल तर खुशाल पाडा, ते लढाईतच आहे.