विंडोज नव्याने टाकलं म्हणून डीव्हीडी ड्राइव्हचं रीजन सुटत नाही

डीव्हीडीसाठी जग रीजनमध्ये, म्हणजे देशांच्या क्रमांक दिलेल्या गटांत, वाटलेलं आहे, आणि डिस्कचं रीजन ड्राइव्हच्या रीजनशी जुळावं लागतं. अमेरिकेतून कुणी डीव्हीडी आणली आणि ती इथल्या कॉम्प्युटरवर लागली नाही, की एक जुना सल्ला हमखास पुढे येतो. तो साधारण असा: 'रीजन लॉक विंडोजमध्ये असतो. पाच वेळा बदलता येतो. पाच संपले की फॉरमॅट मारा, विंडोज नव्याने टाका, परत पाच मिळतात. नाहीतर ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावा. शून्यावर आला तर ड्राइव्ह कायमचा बाद. व्हीएलसी प्लेअर असेल तर यातल्या कशाचीच गरज नाही.'

यातला पाचाचा आकडा तेवढा पूर्ण खरा. बाकीचं एकेक बघू.

'रीजन लॉक विंडोजमध्ये असतो.' नसतो. २००० सालापासून आलेले ड्राइव्ह आरपीसी-२ प्रकारचे, म्हणजे रीजन स्वतःच तपासणारे, आहेत. त्यांत रीजनचा क्रमांक आणि उरलेल्या बदलांची संख्या ड्राइव्हच्या स्वतःच्या मेमरीत लिहिलेली असते. वीज गेली, हार्ड डिस्क बदलली, विंडोज काढून लिनक्स टाकलं, तरी ती पुसली जात नाही. त्याआधीच्या आरपीसी-१ ड्राइव्हना रीजनशी देणंघेणं नव्हतं. तपासणी प्लेअर सॉफ्टवेअर करायचं, आणि ते पुन्हा टाकून किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) खटपट करून कधी कधी काम व्हायचं. हा सल्ला त्या काळातून आलेला दिसतो. तेव्हा त्यात थोडंफार तथ्य होतं, म्हणूनच तो अजून टिकून आहे.

गंमत म्हणजे या दाव्याचं खंडन खुद्द विंडोजच करतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज'खाली आपल्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज घ्या आणि 'डीव्हीडी रीजन' हा टॅब बघा. सध्याचं रीजन आणि किती बदल शिल्लक आहेत, दोन्ही तिथे दिसतं. तिथेच एक सूचनाही असते: शिल्लक बदल शून्यावर आले की विंडोज पुन्हा टाकलं किंवा ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तरी रीजन बदलता येणार नाही. सल्ल्यातले दोन्ही उपाय त्या एका वाक्यात निकालात निघतात. फॉरमॅट मारण्यात रविवार घालवण्याआधी तो टॅब उघडायला अर्धं मिनिट लागतं.

तो टॅब उघडला की एक बदल खर्ची पडतो, अशीही भीती काहींना असते. नुसतं बघितल्याने काही कमी होत नाही. यादीतून नवा देश निवडून ओके दाबलं, तरच आकडा घटतो.

लिनक्सवर हेच काम 'रीजनसेट' नावाचा छोटा प्रोग्राम करतो, आणि तो ड्राइव्हच्या पोटातलं जरा जास्त दाखवतो. एकदाही रीजन न ठरवलेल्या ड्राइव्हची अवस्था 'नन' असते. ठरवलं की 'सेट', एकच बदल उरला की 'लास्ट चान्स' आणि संपले की 'पर्मनंट'. सोबत आठ बिटांचा एक मास्क येतो, म्हणजे शून्य-एकच्या आठ घरांची ओळ, प्रत्येक रीजनला एक घर. त्यात शून्य म्हणजे परवानगी. भारत रीजन ५ मध्ये येतो, म्हणून भारतासाठी ठरवलेल्या ड्राइव्हचा मास्क १११०११११ असा: उजवीकडून पाचवं घर शून्य. अमेरिका रीजन १, तिचा १११११११०. शेवटी 'रीजन बदलायचं का' असं विचारलं जातं, तिथे नाही म्हणायचं. 'व्हेंडर रिसेट' नावाचा आणखी एक आकडा दिसेल. तो उत्पादकासाठी राखून ठेवलेला असतो, आपल्या हातात नसतो. तो हातात आणून देतो म्हणणारी फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलण्याची साधनं नेटवर सापडतात, पण चुकीची फाइल चढवली तर ड्राइव्ह खरोखरच बाद होतो.

'शून्यावर आला की ड्राइव्ह बाद.' हेही नाही. शेवटचं ठरवलेलं रीजन कायम होतं, एवढंच. त्या रीजनच्या डिस्क चालतात, ऑल रीजनवाल्याही चालतात. सीडी, डेटा डीव्हीडी, लग्नाच्या शूटिंगची डिस्क यांना तर रीजनचं बंधनच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी सगळ्या रीजनसाठी खुल्या असायच्या, त्यामुळे अनेकांना आपल्या ड्राइव्हचं रीजन काय आहे हे बघायची वेळच आली नाही.

व्हीएलसीचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाजारातल्या बहुतेक चित्रपटांच्या डीव्हीडीवर सीएसएस नावाचं एन्क्रिप्शन असतं आणि डिस्कचं रीजन जुळलं नाही तर ड्राइव्ह त्याची किल्ली द्यायला नकार देतो. म्हणून फाइली दिसतात, पण चित्रपट चालत नाही. व्हीएलसीसोबतची 'लिबडीव्हीडीसीएसएस' ही लायब्ररी ड्राइव्हला किल्ली न मागता ती गणिताने शोधून काढू शकते. मात्र त्यासाठी ड्राइव्हने एन्क्रिप्ट केलेला मजकूर तरी वाचू दिला पाहिजे. काही ड्राइव्हचं फर्मवेअर तेवढंही करू देत नाही. तेव्हा व्हीएलसी आधी लावून बघावं हे ठीक, पण त्याच्या भरवशावर परदेशी डिस्कचा ढीग विकत घेऊ नये.

आणि न लागणारी प्रत्येक डिस्क रीजनमुळेच अडते असंही नाही. वेष्टनाच्या मागे पृथ्वीच्या गोलात आकडा छापलेला असतो. तो १ असेल आणि ड्राइव्ह ५ वर असेल, तर संशय रास्त. पाल आणि एनटीएससी या व्हिडिओच्या दोन पद्धतींतल्या फरकाचं कारणही सांगितलं जातं, पण ती टीव्हीची भानगड. कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच. ब्लू-रेचा हिशोब तर वेगळाच: तिथे ए, बी, सी असे तीनच विभाग आहेत आणि तपासणी ड्राइव्ह नव्हे, प्लेअर सॉफ्टवेअर करतं.

घरात दोन्हीकडच्या डिस्क असतील, तर सारखं रीजन उलटसुलट करण्यापेक्षा यूएसबीचा दुसरा ड्राइव्ह घेऊन तो रीजन १ वर ठेवणं सोपं. जुना घेत असाल, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून त्या टॅबचा स्क्रीनशॉट मागवा. शिल्लक बदल शून्य आणि रीजन ३ असा ड्राइव्ह या कामाचा नाही.