‘दुसरी टेस्ट गळ्यात मारत होते’ या रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल क्षमा मागतो. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की बीआरसीएच्या, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरच्या जनुक-टेस्टच्या, रिपोर्टला तीन आठवडे लागले, एवढे पैसे घेऊन शेवटी ‘निश्चित सांगता येत नाही’ असं छापून आलं, कौंटरवरची मुलगी नीट बोलली नाही, आणि वर आम्ही आत्याचीही टेस्ट गळ्यात मारत होतो.

मुलीशी बोललोय. तीन आठवड्यांचं म्हणाल तर ही काही शुगरची तपासणी नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त बंगळूरला जातं, तिथं जनुकं अक्षर न् अक्षर वाचतात. पावती करतानाच हे सांगितलं होतं.

पण ‘गळ्यात मारत होते’ हे फार लागलं ओ. बेळगावात लहान लॅब चालवतो आम्ही. लोक स्टार बघतात आणि पुढच्या गल्लीत जातात.

आत्यांना अंडाशयाचा कॅन्सर झाला होता हे तुम्हीच वर लिहिलंय, म्हणून इथं बोलतो. अशा घरात शक्यतो आधी आजार झालेल्या माणसाची टेस्ट करतात. आत्यांच्या बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ मध्ये दोष सापडला असता, तर तुमच्या रक्तात तेवढी एकच जागा बघायची होती, आणि ती टेस्ट पूर्ण पॅनेलपेक्षा, म्हणजे ती जनुकं सगळी वाचण्यापेक्षा, पुष्कळ स्वस्त पडते. ती निगेटिव्ह आली असती तर घरातला दोष तुमच्याकडं उतरला नाही असं ठामपणे म्हणता आलं असतं. एकट्या तुमच्या रिपोर्टात काहीच सापडलं नसतं, तरी आत्यांच्यात तरी काही होतं का, हा प्रश्न राहिलाच असता. गळ्यातच मारायचं असतं तर घरातल्या सगळ्या पोरींचं पूर्ण पॅनेल लिहून दिलं असतं की!

‘ते बाबांकडचं, आम्हाला कुठलं यायला?’ असं तुम्ही कौंटरवर म्हणालात. ताई, बापाकडूनही येतं, आईकडून येतं तसंच, निम्मी शक्यता. बाबांना अंडाशय नाही म्हणून त्यांच्यात ते दिसत नाही, एवढंच. सर्वसाधारण बाईला आयुष्यात हा कॅन्सर व्हायची शक्यता शंभरात एकीपेक्षा थोडी जास्त. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर ती ३९ ते ५८ टक्क्यांवर जाते, बीआरसीए-२ मध्ये असेल तर १३ ते २९. म्हणून आग्रह केला.

आता तुमचा रिपोर्ट. जनुकात एक अक्षर वेगळं दिसलं, पण त्यानं अपाय होतो का याचा पुरेसा पुरावा आज नाही. कानडी उताऱ्यावर आडनावाचं एखादं अक्षर बदलून आलं म्हणून लगेच माणूस दुसरा ठरत नाही, तसं हे. असे फरक पुढं पुन्हा तपासले जातात तेव्हा बहुतेक निरुपद्रवी निघतात. नुसत्या त्यावरून कुणी अंडाशय काढायला सांगत असेल तर आधी जेनेटिक कौन्सेलरला, म्हणजे असे रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला, तो दाखवा.

पैशातला मोठा वाटा बंगळूरला जातो. आमच्याकडं काय उरतं ते इथं लिहायला बरं वाटत नाही.

मराठीत माहितीपत्रक छापायचा विचार चालू आहे, बसायच्या जागेचंही बघतो. आत्यांना आणायचं ठरलं तर आदल्या दिवशी फोन करा. उपाशी यायची गरज नाही, जुने पेपर मात्र सगळे आणा.