दोन डिस्कांची पेटी आणि तिसरी प्रत : एका वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

व्हिडिओ संपादनासाठी संगणक कसा घ्यावा आणि केलेले काम कसे जपावे, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. नाशिकरोडला १५ वर्षे लग्नकार्यांचे चित्रण केल्याचा अनुभव तिच्यामागे आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. आपले आक्षेप तीन आहेत. ग्राफिक्स कार्डाला मी दुय्यम ठरवले, हा पहिला. आपल्याकडे रेड १ पद्धतीने जोडलेल्या दोन डिस्कांची नास पेटी, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी आहे, तिच्यात प्रत्येक फाइल आपोआप दोन ठिकाणी लिहिली जाते, तरीही तिला बॅकअप म्हणायला मी का तयार नाही, हा दुसरा. आणि तीन प्रती ठेवणे ही मोठ्या स्टुडिओंची चैन असून ६०-७० हजारांत लग्नाचे काम घेणाऱ्याला ती परवडत नाही, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपात आपले म्हणणे बरोबर आहे. ‘ग्राफिक्स कार्डाचा विचार सर्वांत शेवटी करावा’ हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या कामापुरते पाहून लिहिले होते. मी कीर्तने, व्याख्याने आणि मुलाखती संपादित करतो. त्यात कापणे, जोडणे आणि थोडी रंगदुरुस्ती यापलीकडे फारसे काही नसते. आपण दा विंची रिझॉल्व्ह वापरता, आणि त्या सॉफ्टवेअरची घडणच अशी आहे की रंगसंस्कार, इफेक्ट आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणे) यांचा बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. रात्रीच्या स्वागत समारंभाचे, मंद उजेडात घेतलेले फोर-के चित्रण, त्यावर टेम्पोरल नॉइज रिडक्शन आणि वर आणखी दोन इफेक्ट असे थर चढले की ८ जीबी मेमरीचे कार्ड सहज भरते आणि मेमरी संपल्याची सूचना येऊन रेंडर, म्हणजे अंतिम फिल्म तयार होणे, थांबते. आपल्या कामासाठी १२ किंवा १६ जीबी मेमरीचे कार्ड ही गरज आहे. मूळ लेखातला तो परिच्छेद मी आज बदलला आहे.

मात्र त्याच मुद्द्यात एक गोष्ट आपल्याकडून निसटली आहे, आणि नाशिकमधल्या अनेक संपादकांना तिचा फटका बसताना मी पाहिला आहे. आपल्याकडे असेंबल केलेला पीसी बहुधा गेमिंगच्या हिशेबाने जोडून मिळतो. त्यात इंटेलचा प्रोसेसर असला तर चार पैसे वाचावेत म्हणून नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला सुचवला जातो. ‘एफ’ याचा अर्थ त्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. खेळ खेळणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही, पण संपादकाचे अडते. आजचे बरेच मिररलेस कॅमेरे एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत, १० बिट ४:२:२ असे (रंगांची जास्त माहिती राखणारे) चित्रण करतात. या प्रकारात प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवलेली नसते. बहुतेक चौकटींत आधीच्या आणि नंतरच्या चौकटींपेक्षा वेगळे काय आहे एवढीच नोंद असते. त्यामुळे टाइमलाइनवर बोट ठेवून मागेपुढे सरकताना संगणकाला दरवेळी आजूबाजूच्या अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. डेस्कटॉपवरच्या इंटेल प्रोसेसरांच्या अकराव्या पिढीपासून त्यांतले अंगभूत ग्राफिक्स हे ४:२:२ एच.२६५ उलगडण्याचे काम हार्डवेअरमध्येच करते, तर एनव्हिडियाच्या कार्डांना ती क्षमता २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. म्हणजे महागडे पण आधीच्या मालिकेतले कार्ड आणि सोबत ‘एफ’ प्रोसेसर अशी जोडी घेतली, तर रेंडर झपाट्याने होईल, पण साधे कापायला बसल्यावर चित्र अडखळत चालेल. असे मशीन आधीच घरात असेल तर ते विकण्याची घाई करू नये. रात्री झोपण्यापूर्वी प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचआर प्रकारच्या प्रॉक्सी, म्हणजे संपादनाला सोप्या जाणाऱ्या कामचलाऊ प्रती, बनवायला लावाव्यात आणि सकाळी त्यांवर संपादन करावे. अंगभूत ग्राफिक्स असूनही वेग मिळत नसेल, तर वेगळे कार्ड बसवल्यावर ते अंगभूत ग्राफिक्स बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद झाले आहे का, हेही एकदा पाहावे.

रॅमबद्दल आपला आणि माझा मतभेद नाही. ३२ जीबीच्या खाली उतरू नये, एवढेच.

आता दुसरा आक्षेप, ज्याच्यासाठी मुख्यतः हे उत्तर लिहीत आहे. अनेक डिस्का एकत्र जोडण्याची ही रेडची कल्पना १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी एका शोधनिबंधात मांडली. एखादी डिस्क बंद पडली तरी माहिती हातची जाऊ नये आणि काम चालू राहावे, हा तिच्यातला मोलाचा गुण आहे, आणि आपली पेटी ते काम चोख करत असेल याविषयी मला शंका नाही. पण डिस्क मरणे हा फुटेज जाण्याच्या अनेक वाटांपैकी एक प्रकार झाला. चुकीचे फोल्डर पुसले तर रेड १ ते दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसते. प्रोजेक्टची फाइल खराब होऊन जतन झाली तर ती दोन्हीकडे सारखीच खराब असते. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटला थेट जोडलेल्या क्यूनॅपच्या नास पेट्यांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या. त्या पेट्यांत डिस्का दोन होत्या की चार, याने काही फरक पडला नाही. आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाला खरचटले तर आरशातल्या माणसालाही खरचटलेले दिसणारच.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. पंचवटीतल्या एका वयोवृद्ध कीर्तनकारांची सात दिवसांची नारदीय कीर्तनमाला मी दोन कॅमेऱ्यांनी चित्रित केली होती, आणि ती आपल्यासारख्याच दोन डिस्कांच्या पेटीत ठेवली होती. पेटी आहे म्हणून मी निश्चिंत होतो आणि कॅमेऱ्यांची मेमरी कार्डे लगेच पुढच्या कामाला लावली होती. काही दिवसांनी जागा कमी पडू लागली, म्हणून रात्री उशिरा जुन्या प्रॉक्सी पुसायला बसलो आणि सारख्या नावाचे शेजारचे फोल्डर पुसले. ते लक्षात येईपर्यंत दुसऱ्या एका कार्यक्रमाचे फुटेज त्याच पेटीत उतरवून झाले होते. पुसलेले परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरने पुष्कळ फाइली शोधून दिल्या, पण चौथ्या दिवसाच्या उत्तररंगाच्या फाइली उघडल्याच नाहीत. त्या दिवशी बुवांनी एक पद स्वतः बांधलेल्या चालीत म्हटले होते. पुन्हा चित्रण करू या, असे ते मोठ्या मनाने म्हणाले. पण प्रकृती साथ देईना, आणि पुढच्या वर्षी ते गेले. ती चाल आता त्यांच्या शिष्यांच्या आठवणीत जेवढी आहे तेवढीच आहे. रेडला बॅकअप म्हणू नका असे मी ठासून लिहिले ते या अनुभवामुळे. त्यात आपल्याला शिकवण्याचा आव जाणवला असेल तर क्षमस्व, पण विधान मागे घेता येणार नाही.

आपली पेटी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. तिच्यात स्नॅपशॉटची, म्हणजे ठरावीक वेळची स्थिती नोंदवून ठेवण्याची सोय असेल तर ती आजच चालू करावी. चुकून पुसलेले फोल्डर काही दिवसांपूर्वीच्या स्थितीतून परत आणता येते. पेटी आणि संगणक दोन्ही यूपीएसवर असू द्यावेत, कारण वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज जाते-येते आणि लिहिता लिहिता वीज गेलेली डिस्क फाइल-व्यवस्था बिघडवू शकते. आणि ही पेटी एक प्रत म्हणून मोजावी, दोन नव्हे.

तिसऱ्या आक्षेपातली खर्चाची चिंता मी समजू शकतो, पण हिशेब मांडून पाहू. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केले तर तासाला ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे मिळून एका लग्नाचे ९ तासांचे फुटेज धरले तर ४०५ जीबी झाले. ४ टीबीच्या एका बाह्य हार्ड डिस्कवर अशी नऊ लग्ने बसतात. म्हणजे एका लग्नामागे जादा प्रतीचा खर्च त्या डिस्कच्या किमतीच्या नवव्या भागाएवढा आहे, आणि डिलिव्हरीनंतर काही महिन्यांनी तीच डिस्क पुढच्या हंगामासाठी रिकामी करता येते. शिवाय अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे रूढ झालेल्या ३-२-१ या नियमात (तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी) तीन प्रती म्हणजे मूळ अधिक तीन नव्हे. ज्यावर आपण संपादन करतो ती पहिली, पेटीतली दुसरी, आणि वेगळ्या जागी ठेवलेली तिसरी. त्यांतल्या दोन आपल्याकडे आजच आहेत.

वेगळ्या जागेचा आग्रह नाशिककराला तरी पटवून द्यावा लागू नये. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरले, तेव्हा गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून पुराचा अंदाज घेणाऱ्या जुन्या दुकानदारांचीही मालाची हलवाहलव करताना धांदल उडाली होती. ज्या दुकानात संगणक आहे त्याच दुकानात नास आणि त्याच कपाटात बाह्य डिस्क असेल, तर पूर, आग आणि चोरी यांच्या दृष्टीने ती एकच प्रत असते. क्लाउडचा पर्यायही आपण सुचवला आहे; पण ४० मेगाबिट अपलोडच्या जोडणीवर ४०५ जीबी चढवायला सलग साडेबावीस तास लागतात, म्हणून पूर्ण फुटेजाऐवजी तयार फिल्म आणि प्रोजेक्टच्या फाइली तेवढ्या तिकडे ठेवाव्यात. फुटेजाची तिसरी प्रत घरी न्यावी. त्याहून सोपा मार्गही आहे. आपल्याकडे पुष्कळ यजमान कच्चे फुटेज मागतात आणि त्यासाठी हार्ड डिस्क स्वतः आणून देतात. ती डिस्क अल्बम देताना भरण्याऐवजी लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच भरून त्यांच्या घरी पोहोचवली, तर तिसरी प्रत जवळजवळ फुकट मिळते. कोटेशनमध्ये तशी एक ओळ घालावी. अर्थात ती डिस्क आपल्या ताब्यात नसते, तेव्हा डिलिव्हरी होईपर्यंत ती कोरी करू नये, हे यजमानांना स्पष्ट सांगावे.

प्रत कशी करावी यावरही एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आपण विंडोजमधल्या रोबोकॉपी या नक्कल करण्याच्या साधनाचा ‘मिर’ पर्याय वापरत असल्याचे लिहिले आहे. तो पर्याय मूळ जागी नसलेल्या फाइली प्रतीच्या जागेवरूनही काढून टाकतो. म्हणजे रेड १ ची तीच अडचण एका रात्रीच्या अंतराने पुन्हा उभी राहते. त्याऐवजी फ्रीफाइलसिंकसारखे साधन वापरून, पुसलेल्या आणि बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवण्याचा पर्याय त्यात निवडावा. कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड संगणकावर उतरवताना फाइली नुसत्या ओढून टाकू नयेत. आपल्या रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे, ते चेकसम (नक्कल मूळाशी तंतोतंत जुळते का हे सांगणारा आकडा) पडताळून कार्डाची नक्कल करते आणि मोफत आवृत्तीतही चालते. दोन ठिकाणी नक्कल झाली, दोन्हीकडच्या चार-दोन क्लिप उघडून पाहिल्या, की मगच कार्ड फॉरमॅट करावे. २०२७ च्या सिंहस्थात काम करण्याचा आपला मानस आहे, म्हणून तर हे अधिकच सांगतो : लग्नातला एखादा विधी यजमानांना विनवून पुन्हा करून घेता येतो, शाहीस्नानाची पहाट पुन्हा मागता येत नाही. त्या कामासाठी जादा कार्डे घ्यावीत आणि त्या दिवशी एकही कार्ड पुन्हा वापरू नये.

नवीन मशीन घेण्याचे आपण ठरवलेच आहे, तर एक विनंती. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आपल्याच कॅमेऱ्याने घेतलेल्या फुटेजाचे कार्ड घेऊन दुकानात जावे, तिथल्या तशाच जोडणीच्या मशीनवर रिझॉल्व्ह उघडायला सांगावे, आणि तीन कॅमेऱ्यांच्या क्लिप एकावर एक ठेवून दहा मिनिटे मागेपुढे सरकवून पाहाव्यात. चित्र कुठे अडखळले ते मला कळवावे, म्हणजे प्रोसेसर बदलायचा की ग्राफिक्स कार्ड, हे आपल्याला नेमके ठरवता येईल.