ऑक्टोबरात सगळं छाटून टाकू नका

थंडीची चाहूल लागली की शिकागोतल्या आपल्या मंडळींत एक संदेश फिरू लागतो: ‘बहुवर्षायू फुलझाडं हिवाळ्यात जगवायची असतील तर ऑक्टोबर संपायच्या आत सगळी जमिनीलगत छाटा, पाला उचला, लगेच जाड आच्छादन घाला, पाणी बंद करा आणि कुंड्या घरात घ्या.’ हेतू चांगला आहे, पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला झाडांच्या मुळावर येतो. दर एप्रिलला कुणीतरी ‘आमची शेवंती गेली हो’ म्हणून हळहळतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी छाटणी. नाशिकच्या द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी आपल्याला ठाऊक असते. तिथे छाटल्यावर नवी फूट हवीच असते. इथे नेमकी तीच नको. हिरवी पानं शेवटपर्यंत मुळांकडे अन्न पाठवत असतात. ती कापली की हिवाळ्याची शिदोरीच तुटते. उबदार आठवड्यात कोवळा कोंब आलाच, तर पहिल्या कडाक्यात तो जळतो. शेवंतीच्या वाळक्या काड्या तशाच उभ्या ठेवल्या तर त्यांच्यात पाला आणि बर्फ अडकतो, गड्डा, म्हणजे खोड आणि मुळं जुळतात तो भाग, झाकलेला राहतो आणि झाड जगण्याची शक्यता वाढते. कोनफ्लॉवर या फुलझाडाच्या बोंडांवर गोल्डफिंच पक्षी बिया टिपायला येतात. पोकळ काड्यांत छोट्या रानमधमाश्यांची घरटी असतात, म्हणून वसंतातही वीतभर ते हातभर खुंट राहू द्यावेत.

अपवाद आहेत. पियोनीच्या पानांवर करपा राहतो, आयरिसच्या पानांवर खोडकिड्याची अंडी राहतात, फ्लॉक्सवर भुरी असते. ही पानं जरूर कापा आणि कंपोस्टमध्ये न घालता बाहेर टाका.

सर्वांत मोठा गैरसमज आच्छादनाचा. ‘लगेच जाड थर घाला, झाडाला ऊब मिळेल.’ पण या झाडांना ऊब नकोच आहे. कुठे किती थंडी पडते त्यावरून झाडांसाठी विभाग पाडणाऱ्या अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३ च्या नकाशात शिकागोचा बराचसा भाग ६ए विभागात येतो, म्हणजे वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीची सरासरी साधारण उणे २३ ते उणे २१ सेल्सियस. पियोनी तर उणे ४० च्या विभागातही तगते. तिला फुलायला थंडीच लागते, म्हणून पुण्यात ती फुलत नाही. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे ३०.६ वर गेला होता. माझे कोनफ्लॉवर त्या जुलैत नेहमीसारखे फुलले.

झाडं मरतात ती गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांनी. मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि झाडाला वर ढकलतं. दुपारी वितळतं, माती खाली बसते, झाड मात्र वरच राहतं. असं पुन्हा पुन्हा झालं की मुळं उघडी पडतात आणि वाऱ्याने सुकतात. माझं ह्यूकेरा नावाचं एक पानांचं झुडूप मार्चमध्ये मातीच्या दोन इंच वर आलेलं सापडलं होतं, जणू कुणी उपटून ठेवलं होतं. आच्छादनाचं काम जमीन गार आणि स्थिर ठेवण्याचं. म्हणून ते जमीन गोठल्यावर, साधारण नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर घालायचं, दोन ते चार इंच. आधीच घातलं तर जमीन ऊबदार राहते, झाड झोपी जायला उशीर करतं आणि उंदरांना आयतं घर मिळतं. गड्ड्यावर ढीग तर कधीच करू नका. ओल धरून गड्डा कुजतो. पडलेला बर्फही ओढून काढू नका, त्यात कोंडलेली हवा कडाका मातीपर्यंत पोहोचू देत नाही.

पाला उचलून कचऱ्यात कशाला? मेपलची मोठी पानं ओली होऊन चिकटतात, तेवढी गवतयंत्राने बारीक करा. तेच आच्छादन होतं.

पाणी बंद करण्याची घाई तर अजिबात नको. कोरडा शरद असेल तर जमीन गोठेपर्यंत आठवड्याला एकदा खोलवर पाणी द्या, यंदा लावलेल्या रोपांना तर नक्कीच.

कुंड्यांचा धोका खरा आहे, कारण तिथे मुळांना चारही बाजूंनी थंडी लागते. पण दिवाणखान्यात नेलंत तर विश्रांतीच मोडते. न तापवलेलं गॅरेज चालेल, महिन्यातून एकदा थोडं पाणी घालून. नाहीतर कुंडीसकट वाफ्यात पुरा आणि एप्रिलमध्ये बाहेर काढा.