आयर्विनची पातळी मे महिन्यात कुणी विचारत नाही

रविवारी पहाटे साडेपाचला गळ घेऊन मळ्याखालच्या डोहावर गेलो. भिलवडीच्या वरच्या अंगाला आमचा मळा. कृष्णा एवढी उतरलीय की लहानपणी पोहताना जे खडक नुसते पायाला लागायचे, ते आता उघडे पडलेत आणि त्यांच्यावरच्या शेवाळाचे वाळून पापुद्रे सुटलेत.

पाणी कमी म्हणजे मासे हातात आले, असं काठावरून बघणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. पाणी नितळ असतं, तुमची सावली पडली की मासा पसार. म्हणून उन्हाकडे तोंड करून बसायचं, तेही काठापासून चार हात मागं. मागं बसायला आणखी एक कारण आहे. आमच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि नदी आटली की त्यांनाही राहायला तोच डोह उरतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकायचे दिवस गेले.

कणकेच्या गोळीला दीड तासात सात चिलाप्या, सगळ्या तळहाताएवढ्या. चिलापी मूळची आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आणली. तिला कसलंही पाणी चालतं. गांडूळ लावून तळाला सोडल्यावर एक शिंगटा आला, जाताना बोटात काटा घुसवून गेला. कोळस एकही नाही. 1839 मध्ये कर्नल साईक्सनं दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं देताना आपली इथलीच नावं उचलली, त्यात कोळसही होता. पुस्तकात तो अजून आहे.

चांगलं उजाडलं तेव्हा डोहाच्या पलीकडच्या टोकाला मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले. तिथं दोन पोरं जाळं घेऊन उभीच होती. मी ओरडलो, "आता टाकू नका रं." त्यांना समजावलं की रात्रभर शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन खातं, कोमट पाण्यात तो मुळात कमी मावतो, म्हणून पहाटे माशाला सगळ्यात जास्त धाप लागते. अशा वेळी जाळं टाकणं म्हणजे आजाऱ्याच्या उशाखालचे पैसे काढणं.

त्यातला धाकटा म्हणाला, "ते खरं हाय आण्णा. पर ही मोटर कुणाची चालू हाय?"

मोटर माझीच होती. पाणी ओढणारा फूटव्हॉल्व्ह त्याच डोहात, वर दोन एकर ऊस.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. ऑगस्टमध्ये आपल्या प्रत्येक ग्रुपवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पाणीपातळी किती, हे तासातासाला येतं. 40 फूट इशारा, 45 धोका. 2019 च्या महापुरात 57 च्या वर गेली, तो आकडा पोराटोरांनाही पाठ आहे. मे महिन्यात ती किती आहे, हे कोण विचारतं? कोयनेतून पाणी सुटलं की आपण ताकारीला किती, टेंभूला किती, म्हैसाळला किती, या उपसा सिंचन योजनांच्या वाट्यावर भांडतो. उपशाचा हिशेब चोख असतो. पात्रात किती राहायला पाहिजे, हे मात्र आपल्या कुणाच्याच मागणीत नसतं. उपसाबंदी लागली की आम्ही शेतकरी बोंब मारतो, मीही मारलीय. आणि 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा सगळा राग साखर कारखान्यांच्या मळीच्या पाण्यावर काढून मोकळे झालो. तो राग बरोबरच होता. पण ती घाण पातळ करायला नदीत पाणी लागतं, आणि ते आपल्या उसात होतं, हे त्या वेळी कुणी बोललं नाही. मीही नाही.

माझं म्हणणं एवढंच की उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडायच्या आवर्तनात डोहांचाही वाटा लिहून मागावा. मला शिव्या पडतील, माहीत आहे. पहिली घरातूनच पडेल, कारण ऊस माझ्या एकट्याचा नाही.

चिलाप्या घरी दिल्या. हिनं विचारलं, "एवढ्याच?" मी तसाच मोटर बंद करायला मळ्यात परत गेलो. पोचेपर्यंत लाईटच गेली होती.