टॉर्च घेऊन येणारा नातेवाईक: एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

ताई,

प्रतिक्रियेखाली तुमचं नाव नाही म्हणून नुसतं ताई म्हणतोय, चालेल ना. तुम्ही लिहिलेलं मी आधी रागात वाचलं, मग जेवून परत वाचलं, आणि मग वाटलं की याला 'धन्यवाद, तुमच्या मताचा आदर आहे' असं दोन ओळीत उरकलं तर ती टाळाटाळ होईल. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'वृद्धाश्रम निवडताना काय बघावं' ही माझी मागची पोस्ट. त्यावर ताईंचं म्हणणं असं की त्या आणि त्यांचे मिस्टर गेली 9 वर्षं शहराबाहेर 22 बेडचं सेंटर चालवतात, महिना 18 हजार घेतात, आणि माझी पोस्ट म्हणजे इन्कम टॅक्सची धाड आहे. न सांगता जा, फ्रिज उघडा, वास घ्या, मावशींना प्रश्न विचारा, असं सांगणाऱ्याने घरी कधी म्हाताऱ्या माणसाचं काही केलंय का असंही विचारलंय. आणि शेवटी, 'सहा-सहा महिने न फिरकणारे नातेवाईक आता टॉर्च घेऊन येणार!'

हे शेवटचं लागलं, कारण तो नातेवाईक मीच आहे. आत्याला घरी दोन वर्षं सांभाळलं, ब्युरोच्या मावशी यायच्या जायच्या, एक टिकायची नाही, डायपर मीही बदललेत, बायकोने तर माझ्यापेक्षा जास्त. मग आत्याचं खुब्याचं हाड मोडलं, त्यात विसरणं वाढलं, आणि आम्ही तिला एका सेंटरमध्ये ठेवलं. पहिले चार महिने दर रविवारी गेलो, मग महिन्यातून एकदा, मग पावसाळा आहे, मग मुलाची दहावी. तर हो, न फिरकणारा होतोच मी, आणि न फिरकणाऱ्याला बोलायचा हक्क किती यावर तुमच्याशी भांडणार नाही.

दोन मुद्दे तुमचे सरळ मान्य. वासाचं मी चुकीचं लिहिलं. 22 म्हातारी माणसं जिथे राहतात तिथे सकाळी सातला लघवीचा वास येणारच, घरात एक माणूस असला तरी येतो. उलट मला आता ज्याची शंका येते तो फिनाईलचा आणि उदबत्तीचा दणकून वास, दुपारी तीनला. आणि न सांगता जाण्याचं, तिथेही मी अर्धवट लिहिलं. कोणी आजी आंघोळीला बसलेल्या असताना परका माणूस दार ढकलून आत येतो हे बरोबर नाहीच, ती त्यांची राहायची जागा आहे, आपली बघायची नाही. ऑफिसमध्ये आणि आपल्या माणसाच्या बेडपाशी न सांगता, बाकी खोल्यांत विचारून, असं मी पोस्टमध्ये दुरुस्त करतोय.

पण रात्रीच्या मुद्द्यावर, म्हणजे रात्री जाऊन बघावं आणि ड्युटीवर किती मावशी असतात ते विचारावं यावर, मी हटणार नाही.

का ते सांगतो. आत्या होती त्या सेंटरमध्ये (नाव लिहिणार नाही, कोणी मेसेज करून विचारू नका) सगळं व्यवस्थित दिसायचं. बेडच्या पायथ्याशी चार्ट लटकवलेला, दर दोन तासांनी कूस बदलली की टिक करायची (एकाच कुशीवर पडून राहिलं की दाबाच्या जागी जखमा होतात, बेडसोअर म्हणतात ते). मला तो चार्ट फार आवडायचा, फोटो काढून भावाला पाठवायचो. एकदा गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून पोचायला उशीर झाला, रात्रीचे साडेनऊ. चार्ट बघितला तर 12, 2, 4, 6, सगळ्या रकान्यांत टिक. सकाळी सहाचीसुद्धा! एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने. मी मावशींना विचारलं, जरा चढ्या आवाजातच. त्या म्हणाल्या, 'दादा, रात्री मी एकटीच असते, लिहायला वेळ नाही मिळत म्हणून आधीच भरून ठेवते.' किती साधं उत्तर, लपवावं असंही त्यांना वाटलं नाही. मग मी मोबाईलच्या टॉर्चमध्ये आत्याच्या टाचा बघितल्या. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, जांभळट काळं दिसतं, हात लावला की बाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागतं, हे नंतर नर्सने शिकवलं. त्या दिवशी नुसतं काळं दिसलं आणि मला वाटलं मळ असेल. चार दिवसांनी फुटलं. ते भरायला साडेतीन महिने लागले.

तुमच्या टॉर्चचं उत्तर इथे आहे ताई. मी टॉर्च बाथरूमचे कोपरे शोधायला नेत नाही, टाचा आणि माकडहाड बघायला नेतो.

आता हिशोब करू, तुमच्याच आकड्यांचा. 22 माणसं, त्यातली 7 अंथरुणावर धरा. एकेकाची कूस बदलणं, डायपर बघणं, गरज असेल तर बदलणं, उशी लावणं, हात धुणं, याला 10 मिनिटं म्हणजे हात सफाईदार हवा. 70 मिनिटं झाली. दोन तासांतली उरली 50. त्यात एक आजोबा बाथरूमला जातो म्हणून उठतात, एक आजी 'माझा मुलगा आला' म्हणून गेटकडे निघतात, एकाची शुगर उतरते. 75 किलोच्या माणसाला एकटीने वळवलं तर मावशींची कंबर जाते, तिथे दोघीच लागतात. म्हणजे रात्री एकच मावशी असेल तर चार्ट खोटाच भरला जाणार, मावशी कितीही चांगल्या असू देत. माझा राग मावशींवर नाही, ड्युटी लावणाऱ्यावर आहे. तुम्ही लिहिलंत की 'आमच्या मावशी जीव लावतात', विश्वास आहे, पण रात्री किती मावशी असतात ते तुम्ही लिहिलं नाहीत.

पैशाचं म्हणाल तर तोही हिशोब बसतो. रात्रीच्या दुसऱ्या मावशीचा पगार 15 हजार धरला तर 22 जणांत वाटून माणशी 700 रुपयांच्या आत येतो. बेड रिकामे राहतात, मावशी सुट्टीवर जातात, बदली शोधावी लागते, हे सगळं आहे, 700 चे 1000 धरा. पण हे नातेवाईकांना सांगा की! 'रात्री दोघी ठेवायच्यात म्हणून फी 19 हजार करतोय' असं पत्र आलं असतं तर मी एका दिवसात हो म्हटलं असतं, आमच्याकडे आलं ते 'महागाईमुळे'.

तुम्ही म्हणता तपासणी सरकारचं काम, नातेवाईकाचं नाही. अहो, सरकार करत असतं तर मी कशाला टॉर्च घेतली असती. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या कलम 19 मध्ये राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढावा असं आहे, दर्जा ठरवायचा तोही त्याच सरकारी वृद्धाश्रमांचा. तुमच्यासारख्या फी घेऊन चालणाऱ्या खासगी सेंटरची नोंदणी, किमान दर्जा, हे सगळं 2019 च्या डिसेंबरात लोकसभेत आणलेल्या दुरुस्ती विधेयकात होतं, ते मंजूर झालंच नाही. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो, पण हिशेबात टाचा दिसत नाहीत. नाकात नळी, लघवीची पिशवी असलेले पेशंट ठेवायचे आणि पाटीवर मात्र 'आश्रम' लिहायचं, म्हणजे नर्सिंग होमच्या नियमांचा प्रश्नच नको, असंही चालतं. तुम्ही करता असं म्हणत नाही, मी बघितलंय ते सांगतोय.

एक कागद मात्र मी मागतोच आणि तिथे बहुतेक मालकांचा चेहरा उतरतो: फायरचा फॉर्म बी. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा ज्या इमारतींना लागू होतो तिथे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं हे सर्टिफिकेट घेऊन द्यावं लागतं. भिंतीवर लाल सिलिंडर आहे हे उत्तर नाही. 1 जानेवारी 2023 ला पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या वृद्धांच्या केअर होमला आग लागली, दोन वृद्ध बायका गेल्या. भारी वस्ती, भारी फी. पहाटेची वेळ बघा परत. गेटला आतून कुलूप (डिमेन्शियाचे पेशंट बाहेर जाऊ नयेत म्हणून, ते समजू शकतो) आणि किल्ली कोणाकडे, हा प्रश्न मी आता पहिला विचारतो.

बाहेरच्या देशांचे गोडवे गाऊ नका असंही तुम्ही सुनावलंय. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये लीड्सला केअर होममध्ये सीनिअर केअरर आहे, तिच्याकडून ऐकलं ते मी लिहिलं होतं. तिकडे सीक्यूसी नावाची संस्था तपासणी करते, केअर होममध्ये सहसा न सांगता येतात, पाच गोष्टी बघतात: सुरक्षित आहे का, उपयोग होतोय का, मायेने वागतात का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलतात का, आणि चालवणारे नीट चालवतात का. मग चारपैकी एक शेरा, आणि तो शेरा होममध्ये दिसेल असा लावावाच लागतो. पण बहीणच म्हणते की इन्स्पेक्टर आले की मॅनेजरचा आवाज मऊ होतो. 2011 मध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खासगी हॉस्पिटलात बौद्धिक अपंग पेशंटना मारहाण होत होती, ते बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं, तिथल्याच एका नर्सने आधी सीक्यूसीला कळवलं होतं तरी कोणी हललं नव्हतं. 11 जण दोषी ठरले, 6 जणांना तुरुंगवास झाला. आणि 2024 मध्ये डॉ. पेनी डॅश यांच्या, तिकडच्या सरकारनेच मागवलेल्या अहवालात निघालं की सीक्यूसीच्या अखत्यारीतल्या पाचातल्या एका ठिकाणाला कधी शेराच मिळालेला नाही. म्हणजे तिकडेही स्वर्ग नाही, मान्य. फरक एवढाच की तिकडे लाज वाटायला एक कागद तरी आहे.

औषधांबद्दल तुम्ही 'आमच्याकडे डबे आहेत' एवढंच लिहिलंत. डबे छानच, पण मी बघतो ते वेगळं: गोळी 'दिली' ही नोंद देणाऱ्याने देताना केलीय का, आणि झोपेची गोळी कोणाच्या चिठ्ठीवर चालू झाली. इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीला हवं, ते दरवाज्यात दुधाशेजारी ठेवलेलं मी दोनदा बघितलंय, म्हणून फ्रिज उघडतो, तुमची उरलेली भाजी बघायला नाही. वजनाची वही असेल तर उत्तमच. महिन्यात 50 चे 47 किलो झाले तर जेवणाचा मेन्यू कितीही सुंदर छापलेला असो, उपयोग काय.

आणि हात बांधण्याचं. 'सलाईन ओढतात, काय करणार' असं लिहिलंत. मलाही माहीत नाही दरवेळी काय करावं ते, खरंच. आत्याने दोनदा नळी उपसली होती. पण ओढणीने मनगट कॉटला बांधलं तर घरच्यांना फोन करून सांगायचं, कोणी किती वेळ बांधलं ते लिहायचं, डॉक्टरला विचारायचं, एवढं होऊ शकतं. आम्हाला मनगटावरच्या वळावरून कळलं. ज्यांना असं काही दिसेल त्यांच्यासाठी एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14567 हा नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. (रात्री आठनंतर काय, हा विनोद तुम्हीच करा.)

तुम्ही शेवटी लिहिलंत, 'हिंमत असेल तर आमच्याकडे या, मग लिहा.' येतो ना. फोन करून येतो, चपला बाहेर काढतो, फ्रिजला हात लावत नाही. फक्त रात्री साडेनऊनंतरची वेळ चालेल का तेवढं कळवा, आणि त्या रात्रीच्या ड्युटीवर कोण आहे ते आधीपासून बदलू नका.